टांकसाळीची चूक आणि तिची पारख : चांदवडच्या घणापासून मुंबईच्या यंत्रापर्यंत

नाण्यावरील चूक ही कल्पना नाण्याइतकी जुनी नाही. प्रत्येक नाणे दुसऱ्या नाण्यासारखेच निघाले पाहिजे असा दंडक जेथे नसतो तेथे वेगळेपणाला चूक म्हणता येत नाही. तो दंडक यंत्राने घालून दिला आणि त्यानंतरच टांकसाळीतून सुटलेले सदोष नाणे दुर्मिळ, लक्षवेधी आणि पुढे संग्राहकांच्या दृष्टीने मोलाचे ठरले. म्हणून सदोष नाण्यांच्या अभ्यासाचा खरा विषय दोष नसून नाणे घडवण्याची प्रक्रिया आहे, आणि एखादा दोष अस्सल की बनावट हे ठरवण्याची कसोटीही त्या प्रक्रियेतच सापडते. पश्चिम भारतात हातघणाची टांकसाळ आणि वाफेच्या यंत्राची टांकसाळ ही दोन्ही युगे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकमेकांना भिडली, त्यामुळे हा इतिहास या प्रदेशातील नाण्यांच्या आधारे विशेष स्पष्टपणे मांडता येतो.

हातघणाच्या टांकसाळीतील कामाची विभागणी अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’मध्ये नोंदवली आहे. दरोगा, सराफ, वजनदार, धातूच्या गोल चकत्या कापणारा जर्राब, पोलादावर ठसे कोरणारा मुहरकन आणि दोन ठशांमध्ये चकती ठेवून घणाच्या घावाने दोन्ही बाजू उमटवणारा सिक्काची अशी ही साखळी होती. मुघल सत्ता दुबळी झाल्यावरही दख्खनमधील टांकसाळींची कार्यपद्धती थोड्याफार फरकाने हीच राहिली. तुकोजी होळकरांच्या काळात नावारूपाला आलेल्या चांदवडच्या टांकसाळीतील रुपयावर शाह आलम बादशहाचे नाव आणि ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असे टांकसाळीचे नाव फारसी लिपीत असे. मात्र ठसा चकतीपेक्षा थोडा मोठा असल्यामुळे सगळी अक्षरे एकाच नाण्यावर क्वचितच उमटत. कारागिराची सारी काळजी वजन आणि कस नेमका राखण्याकडे असे, आकार आणि छाप यांची एकरूपता हे त्याचे उद्दिष्टच नव्हते.

शिवराईची स्थिती याहून वेगळी नव्हती. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे शिवछत्रपतींच्या काळात सुरू झाले आणि त्यांच्या नंतरही अनेक ठिकाणी, अनेक हातांनी दीर्घकाळ पाडले जात राहिले. त्यामुळे त्याच्या नमुन्यांत अक्षरांचे वळण, ऱ्हस्व-दीर्घ, टिंबांची मांडणी आणि ओळींमधील रेघा यांत विलक्षण विविधता आढळते. मजकुराच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई हा तिचा एक प्रसिद्ध प्रकार होय. एखाद्या शिवराईवर छाप एका बाजूला सरकलेला असेल किंवा अर्धा शब्द चकतीच्या बाहेर गेला असेल तर ती सदोष म्हणून अधिक मोलाची मानणे हा इतिहासाचा विपर्यास आहे, कारण त्या पद्धतीत पूर्ण आणि मध्यभागी बसलेला छाप हाच अपवाद होता.

तरीही हातघणाच्या नाण्यांत खऱ्या चुका नव्हत्या असे नाही. पहिल्या घावानंतर चकती किंचित फिरली आणि दुसरा घाव बसला, तर दुहेरी छाप उमटे. ठसा कोरणाऱ्याला प्रत्येक अक्षर उलटे कोरावे लागे, आणि त्याने विसरून एखादे अक्षर सुलटे कोरले तर नाण्यावर ते उलटे दिसे. घडलेले नाणे वरच्या ठशाला चिकटून राहिले आणि ते न काढताच खाली नवी चकती ठेवून घाव घातला गेला, तर त्या चकतीच्या एका बाजूवर ठशाऐवजी चिकटलेल्या नाण्याचा छाप उलटा आणि खोलगट उमटे. या शेवटच्या प्रकाराला नाणकशास्त्रात ब्रॉकेज म्हणतात आणि भारतीय संग्राहकांच्या व्यवहारात ते ‘लखी’ या नावानेही ओळखले जाते.

त्या काळी नाण्याची पारख ही छंदाची नव्हे, तर रोजच्या व्यवहाराची गरज होती. मराठी मुलुखात अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत, त्यांचे मोल प्रत्येकाच्या कसानुसार व झिजेनुसार ठरे आणि त्या फरकापोटी बट्टा, म्हणजे दर्शनी किमतीतून वजावट, घेतला जाई. गावोगावी पोतदार आणि पेठांमध्ये सराफ हे काम करीत. वर चांदीचा पत्रा आणि आत तांबे असे बनावट नाणे ओळखण्यासाठी सराफ नाण्यावर छिन्नीचा बारीक घाव घालून आतला धातू पाहत आणि खात्री पटल्यावर स्वतःची खूण ठोकत. अशा सराफी खुणा असलेली चांदीची नाणी आज मोठ्या संख्येने आढळतात. या खुणा टांकसाळीबाहेर उमटलेल्या असल्यामुळे त्या दोषांच्या वर्गात बसत नाहीत, पण नाण्याच्या प्रवासाचा पुरावा म्हणून त्यांचे महत्त्व स्वतंत्र आहे.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का मुंबईच्या नव्या टांकसाळीने दिला. ईस्ट इंडिया कंपनीची मुंबईतील नाणेघडण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली होती, परंतु आज फोर्ट भागात उभी असलेली टांकसाळ बॉम्बे इंजिनिअर्सचे मेजर जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली 1824 ते 1829 या काळात बांधली गेली आणि तेथे वाफेवर चालणारी यंत्रसामग्री बसवण्यात आली. 1835च्या कायद्याने कंपनीच्या सर्व प्रदेशासाठी एकच रुपया ठरला; त्याचे वजन 180 ग्रेन, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम, आणि त्यातील शुद्ध चांदी 165 ग्रेन, म्हणजे बारा भागांत अकरा भाग, असे प्रमाण निश्चित झाले. छाप उमटत असताना चकतीला चहूबाजूंनी आवळून धरणारे पोलादी कडे, ज्याला कॉलर म्हणतात, ते वापरात आल्यामुळे नाण्याचा व्यास कायम झाला आणि दातेरी कडेमुळे नाणे कातरून चांदी चोरण्याचा जुना उद्योग अवघड झाला.

वजन, व्यास, कडा आणि छाप या चारही बाबतींत असा दंडक बसल्यावर त्यापासून ढळलेले प्रत्येक नाणे उठून दिसू लागले. कायद्यानेही हे ओळखले होते. 1906च्या नाणे कायद्यात वजन आणि कस यांत किती फरक क्षम्य मानावा याची मर्यादा आखून दिलेली होती. त्या मर्यादेतील फरक म्हणजे सामान्य घट-वाढ आणि त्या पलीकडचा फरक म्हणजे दोष, अशी रेघ येथे स्पष्टपणे ओढलेली दिसते.

परंतु नाण्यांमधील प्रत्येक फरक हा दोष नसतो, आणि याचे उत्तम उदाहरण 1862 सालाच्या रुपयात मिळते. व्हिक्टोरिया राणीची मुद्रा असलेल्या या रुपयावर 1862 हे साल पुढे 1874पर्यंत तसेच कायम ठेवण्यात आले होते, आणि मुंबईच्या रुपयांवर सालाजवळ कमी-अधिक संख्येने आढळणारी टिंबे ही प्रत्यक्ष घडणीचे वर्ष ओळखण्यासाठी हेतुपुरस्सर घातलेली खूण मानली जाते. मेजर एफ. प्रिडमोर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ब्रिटिशकालीन भारतीय नाण्यांचे अशा बारकाव्यांनुसार वर्गीकरण केले. अशा नियोजित फरकाला प्रकारभेद म्हणतात. तो संग्राहकाच्या दृष्टीने कितीही दुर्मिळ असला, तरी त्याला चूक म्हणता येत नाही.

1911चा पंचम जॉर्जचा रुपया हा तिसऱ्याच वर्गातला आहे. राजाच्या अंगावरील राजवस्त्रावर कोरलेल्या हत्तीची सोंड इतकी आखूड होती की लोकांना ती आकृती डुकराची वाटली. त्यावरून नाराजी पसरल्यावर सरकारने तो रुपया मागे घेतला आणि 1912पासून हत्तीची आकृती सुधारून नवा ठसा वापरला. बाजारात हा रुपया ‘पिग रुपी’ या नावाने ओळखला जातो. येथे यंत्र चुकले नव्हते आणि कारागीरही चुकला नव्हता. मान्य झालेली रचनाच समाजाच्या भावनेशी विसंगत ठरली होती. प्रत्येक नाणे ठशाबरहुकूम निघालेले असल्यामुळे हा रचनेचा दोष ठरतो, घडणीचा नाही.

घडणीच्या खऱ्या दोषांची विभागणी नाणे तयार होण्याच्या तीन टप्प्यांनुसार केली जाते. पहिला टप्पा कोऱ्या चकतीचा. धातूच्या पत्र्यातून चकत्या कापताना पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर आधीच्या भोकाचा भाग नव्या चकतीत येतो आणि तिच्या कडेला चंद्रकोरीसारखी खाच पडते. धातूत मळ किंवा हवा अडकली असेल तर पुढे त्याचा पापुद्रा सुटतो. एका किमतीच्या नाण्यासाठी तयार केलेली चकती दुसऱ्या किमतीच्या ठशाखाली गेली, तर चुकीच्या चकतीवरील नाणे निघते. दुसरा टप्पा ठशाचा. ठसा तडकला की धातू त्या तडीत घुसतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. ठशाच्या खोबणीत वंगण व धूळ साचली की अक्षरे पुसट होतात किंवा नाहीशी होतात. दोन वेगवेगळ्या नाण्यांचे ठसे चुकून एकत्र बसवले गेले, तर विजोड नाणे तयार होते, ज्याला संग्राहक म्यूल म्हणतात. तिसरा टप्पा प्रत्यक्ष छापाचा. चकती मध्यभागी न बसल्यास छाप सरकतो, कॉलर जागेवर नसल्यास धातू पसरून नाणे रुंद व बिनदातेरी होते, आणि घडलेले नाणे बाहेर न पडल्यास दुहेरी छाप किंवा ब्रॉकेज निघते.

या विभागणीचा पारखीसाठी थेट उपयोग आहे, कारण अस्सल दोष यांपैकी एखाद्या टप्प्यावर बोट ठेवून समजावून सांगता आलाच पाहिजे. पहिली आणि सर्वांत सोपी कसोटी उंचवटा व खोलगटपणा यांची आहे. ठशाला झालेली इजा खोलगट असते, म्हणून ती नाण्यावर उंचवटा होऊन येते. उलट नाणे चलनात असताना त्यावर पडलेला ओरखडा खोलगट राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धातू किंचित वर सरकलेला दिसतो. एवढ्या एका निरीक्षणाने बाजारात ठशाची तड म्हणून विकले जाणारे बहुसंख्य ओरखडे बाद होतात. एखादे अक्षर गायब असल्यास तेथील पृष्ठभाग भिंगाखाली तपासावा लागतो. अक्षर घासून काढले असेल तर त्या जागेची मूळ झळाळी मोडलेली असते आणि बारीक समांतर रेघा आढळतात, तर ठशात वंगण साचल्यामुळे राहिलेल्या अक्षराच्या जागी पृष्ठभाग अखंड असतो.

वजनाची कसोटी महत्त्वाची आहे, पण ती एकटी पुरत नाही, हे प्रजासत्ताक भारताच्या नाण्यांवरून दाखवता येते. 1992 ते 2004 या काळातील पोलादी एक रुपयाचे वजन 4.85 ग्रॅम आणि व्यास 25 मिलिमीटर होता, तर त्याच काळातील पोलादी 50 पैशांचे वजन 3.79 ग्रॅम आणि व्यास 22 मिलिमीटर होता. 50 पैशांच्या चकतीवर रुपयाचा ठसा पडल्यास ते नाणे साधारण 3.79 ग्रॅम भरावे, हे उघड आहे. परंतु एखाद्याने साधा रुपयाच चहूबाजूंनी घासून 22 मिलिमीटरवर आणला, तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात त्याचे वजनही सुमारे 3.76 ग्रॅम होते. हा फरक इतका सूक्ष्म आहे की तराजू त्यावर निर्णायक उत्तर देऊ शकत नाही. निर्णय येथे कडेवरून करावा लागतो. लहान चकती मोठ्या कॉलरमध्ये सैल पडते, त्यामुळे दाबाखाली तिचा धातू बाहेरच्या दिशेने पसरतो, कडेजवळची अक्षरे ताणलेली व क्षीण होत गेलेली दिसतात आणि कडा नैसर्गिकपणे गोलाईत उतरते. घासलेल्या नाण्यावर मात्र अक्षरे शेवटपर्यंत ठळक राहून एकाएकी तुटतात आणि कडेवर कानशीच्या खुणा राहतात.

खाच पडलेल्या नाण्याचीही अशीच परीक्षा आहे. कोऱ्या चकतीची कडा छापापूर्वी एका यंत्रात दाबून उंच केली जाते, आणि या दाबाला समोरच्या बाजूचा आधार लागतो. चकतीला खाच असल्यास तिच्या बरोबर समोरच्या बाजूला हा आधार मिळत नाही, त्यामुळे तेथील कडा फिकी राहते. शिवाय खाचेजवळची अक्षरे तिच्याकडे झुकत पातळ होत जातात, कारण धातू त्या मोकळ्या जागेकडे वाहतो. घडलेले नाणे नंतर कापले असेल तर या दोन्ही खुणा सापडत नाहीत. समोरची फिकी कडा प्रत्येक अस्सल नमुन्यात स्पष्ट असतेच असे नाही, म्हणून अनुभवी पारखी एका लक्षणावर निकाल न देता लक्षणांचा मेळ पाहतो.

ब्रॉकेजच्या बाबतीत बनावटगिरी सर्वांत जास्त होते, कारण दोन नाणी एकमेकांवर ठेवून पकडीत आवळली किंवा हातोड्याने ठोकली की खोलगट छाप सहज मिळतो. अस्सल पूर्ण ब्रॉकेजमध्ये एका बाजूवर ठशाचा उंच छाप आणि दुसऱ्या बाजूवर त्याच बाजूचा उलटा, खोलगट छाप असतो, कारण वरच्या ठशाला चिकटलेल्या नाण्याची खाली आलेली बाजू ही खालच्या ठशानेच घडवलेली असते. त्यामुळे ‘राजमुद्रा एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला किमतीचा आकडा खोलगट’ असे नमुने संशयास्पद ठरतात. बनावट नमुन्यात खोलगट छापाखाली नाण्याच्या मूळ आकृतीचे अवशेष डोकावतात आणि दुसरी बाजू दाबामुळे चपटी झालेली असते. अस्सल नमुन्यात खोलगट बाजूवर दुसरी कोणतीही आकृती कधी उमटलेलीच नसते.

दुहेरी अक्षरांचा प्रश्न याहून नाजूक आहे. ठसा तयार करताना मूळ उठावाचा छाप त्यावर एकाहून अधिक वेळा दाबला जाई, आणि दोन दाबांमध्ये जागा किंचित बदलली तर ठशावरच अक्षरे दुहेरी कोरली जात. त्या ठशातून निघालेले प्रत्येक नाणे तसेच दुहेरी दिसे. अमेरिकेतील 1955चा दुहेरी ठशाचा सेंट हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे. याउलट यंत्र सैल असल्यामुळे छाप पडल्यानंतर ठसा घसरला, तर अक्षराची एक कड दाबली जाऊन पायरीसारखी सपाट होते. पहिल्या प्रकारात दोन्ही अक्षरे गोलाकार व पूर्ण उंचीची असतात आणि अक्षरांच्या टोकांना दुभंग दिसतो. दुसऱ्या प्रकारात मूळ अक्षर बारीक होते. हे दोन प्रकार दिसायला सारखे असले तरी पहिल्याचे मोल फार मोठे आणि दुसऱ्याचे जवळजवळ शून्य असते.

धातूच्या बाबतीत कधी अगदी साधी साधनेही निर्णायक ठरतात. अमेरिकेने 1943 साली युद्धासाठी तांबे वाचवण्याच्या हेतूने पोलादी सेंट काढले, पण मागे राहिलेल्या काही जुन्या चकत्यांवर त्या सालाचा ठसा पडला आणि ती मोजकी नाणी अत्यंत मौल्यवान ठरली. त्यानंतर पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा देऊन नकली नमुने तयार करण्यात आले, जे लोहचुंबकाला चिकटताच उघडे पडतात. चांदीच्या जुन्या रुपयासाठी विशिष्ट गुरुत्वाची कसोटी, म्हणजे नाण्याचे हवेतील आणि पाण्यातील वजन यांची तुलना, वापरली जाते. बारांत अकरा भाग चांदी असलेल्या रुपयाचा हा आकडा 10.3च्या आसपास यायला हवा. 2009पासून चलनात आलेल्या द्विधातू दहा रुपयांच्या नाण्यात बाहेरचे कडे आणि मधली चकती छापाच्या दाबानेच एकमेकांत बसतात, त्यामुळे जोडावरून जाणारी आकृती अखंड असते. मधली चकती ठोकून काढून उलटी बसवलेल्या नाण्यात ही रेघ जुळत नाही आणि लबाडी तेथेच उघड होते.

काही वस्तूंना तर दोषाची कसोटी लावण्याचेही कारण नाही, कारण ती नाणीच नाहीत. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, 1818, 1717 किंवा 1616 असे साल आणि राम दरबार, हनुमान किंवा अन्य देवतांची आकृती असलेली नाणी म्हणून खपवल्या जाणाऱ्या चकत्या कंपनीच्या कोणत्याही टांकसाळीतून निघालेल्या नाहीत. अशा वस्तूवरील ‘दोष’ हा बनावटीवरील बनावट ठरतो, तरीही अद्भुत शक्तीच्या कथा जोडून त्या मोठ्या रकमांना विकल्या जातात.

स्वातंत्र्यानंतरच्या टांकसाळी मिनिटाला शेकडो नाणी पाडतात आणि तपासणीत सदोष नाणी बाजूला काढली जातात; जी सुटतात ती थैल्यांमधून बाजारात जातात. त्यांचा उगम कळण्यासाठी टांकसाळींच्या खुणा उपयोगी पडतात. मुंबईच्या नाण्यांवर सालाखाली चौकोनी हिऱ्याची खूण, हैदराबादच्या नाण्यांवर तारा आणि नोएडाच्या नाण्यांवर ठिपका असतो, तर कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसते. एखाद्या दोषाची नोंद करताना साल, टांकसाळ, वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे दिल्याशिवाय त्या नोंदीला अभ्यासाच्या दृष्टीने किंमत राहत नाही.

या पारखीला कायद्याची चौकटही आहे. 2011च्या नाणे अधिनियमानुसार चलनातील नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे, आणि 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंच्या वर्गात येत असल्यामुळे परवान्याशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाहीत. अभ्यासाची साधनेही महाराष्ट्रातच उपलब्ध आहेत. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय येथे हातघणाची व यंत्राची अस्सल नाणी शेजारी शेजारी पाहता येतात, आणि दोष ओळखण्यासाठी आधी निर्दोष नाणे कसे असते हे डोळ्यांत भरवून घ्यावे लागते.

संग्राहकाने म्हणूनच किमतीच्या यादीपासून नव्हे, तर टांकसाळीच्या कामापासून सुरुवात करावी. समोरचे नाणे कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कारणाने चुकले हे ज्याला सांगता येत नाही, त्याने ते दोषाचे नाणे म्हणून विकत घेऊ नये. आणि ज्या दोषाचे स्पष्टीकरण चकती, ठसा किंवा छाप यांपैकी कोणत्याही टप्प्यात मिळत नाही, तो टांकसाळीच्या बाहेर, कानस आणि हातोडा घेऊन बसलेल्या माणसाने घडवलेला आहे असे समजावे.